मास्तरांची बैठक

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत जत्रांचा हंगाम एकदा सुरू झाला, म्हणजे मार्गशीर्षात म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ हलल्यापासून तो थेट वैशाखअखेर शेवटच्या गावदेवाची पालखी देवळात परत शिरेपर्यंत, रात्री-अपरात्री ताडपत्री फडफडवीत जे टेम्पो रस्त्याने धावताना दिसतात, ते सगळे द्राक्षांचे, कोंबड्यांचे किंवा हळदीच्या पोत्यांचे असतात अशी ज्यांची समजूत आहे, त्यांना आपल्या मुलुखाची पुरती माहिती नाही असेच म्हटले पाहिजे. त्यांतले बरेचसे ऑर्केस्ट्राचे असतात. आत एकावर एक रचलेले स्पीकर, वायरींची वेटोळी, गायिकांच्या साड्यांच्या ट्रंका, निवेदकाचा हँगरला लटकवलेला चकचकीत कोट, आणि या सर्व सरंजामाच्या माथ्यावर, ताडपत्रीच्या कांबीला डोके लागू नये म्हणून मान किंचित वाकडी करून बसलेला एक मध्यमवयीन गृहस्थ. त्याच्या मांडीवर गोणपाटात बांधलेले एक गाठोडे असते, आणि दोन्ही हातांचा विळखा त्याला अशा बेताने पडलेला असतो, की आत एक तर कुलदैवताचा टाक असावा किंवा चोरीचा माल असावा, अशी शंका नाक्यावरच्या पोलिसाला हटकून यावी. हा ऑर्केस्ट्राचा ड्रममास्तर. आणि गाठोड्यात त्याचे बसायचे स्टूल असते.

हा मास्तर दिवसा दुसरे काहीतरी करीत असतो. कुठे तो साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर पावत्या फाडतो, कुठे नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी करतो, कुठे मार्केट यार्डात अडत्याची खतावणी लिहितो. तेथे त्याला मिळालेली खुर्ची सरकारी किंवा सहकारी असते. तिच्यावरून कोण उठला आणि कोण बसला याची त्याला तिळमात्र फिकीर नसते, आणि तिचा एक पाय मोडला तरी खाली विटेचा तुकडा सारून तो सेवानिवृत्तीपर्यंतची वर्षे तिच्यावर सुखाने काढील. सगळी आसक्ती, सगळा संशय आणि मालकी हक्काची सगळी जाणीव त्याने या एका तीन पायांच्या वस्तूसाठी शिल्लक ठेवलेली असते. मोठा ढोल टेम्पोत कोणी कसाही लोटो, झांजांची पिशवी कोणाच्या पायांखाली जावो, मास्तर तोंडातून ब्र काढीत नाहीत, पण हमाली करणाऱ्या पोराचा हात त्या गाठोड्याकडे जाण्याचा अवकाश, की एरवी मंचावरही कोणी न ऐकलेला त्यांचा आवाज एकाएकी फुटतो: "ए, त्याला नगं हात लावू! ते माझ्याकडं राहू दे."

ही निव्वळ लहर नव्हे, हे मास्तरांच्या बाजूने प्रथमच नमूद करणे न्यायाचे होईल. आपल्याकडच्या तालवाद्यांचा आसनाशी कधी झगडा नव्हता. तबलजी मांडी घालून बसतो. खाली सतरंजी असो, घोंगडे असो वा नुसती सारवलेली जमीन असो, मांडी तो घरूनच घेऊन आलेला असतो, आणि चुंबळ लागते ती तबल्याला, त्याला नाही. ढोलकीवाला ढोलकी कमरेला बांधून उभा राहतो. हलगीवाला तर धड उभाही राहत नाही, तो नाचतो. पलटणीच्या बँडातसुद्धा मोठा ढोल एकाकडे आणि लहान दुसऱ्याकडे, आणि दोघेही चालते. पुढे १९०९ साली विल्यम लडविग नावाच्या अमेरिकन वादकाने मोठ्या ढोलावर पायाने टोला देणारी पट्टी हव्या तितक्या चपळाईने चालेल अशी करून दाखविली, आणि दोघांचे काम एकट्यावर येऊन पडले. (दोघांची बिदागीही एकट्याला मिळाली असेल असे मानण्याचे कारण नाही.) उजवा पाय मोठ्या ढोलाच्या पट्टीवर, डावा झांजांच्या जोडीवर, दोन्ही हात वर मोकळे सुटलेले, याप्रमाणे चारही अवयव चाकरीत अडकल्यावर सबंध देहाचा भार पेलण्यासाठी शरीराचे जे एकच अंग शिल्लक राहते, त्याच्याखाली काय आहे यावर साऱ्या तालाची भिस्त येऊन ठेपते. बैठकीची उंची १८ पासून २४ इंचांपर्यंत ज्याच्या त्याच्या तंगड्यांप्रमाणे ठरायची. गुडघ्यापेक्षा कंबर चार बोटे वर हवी. तीहून खाली गेली तर पायाचा जोर पट्टीवर पडत नाही, वर गेली तर पाय पट्टीवरून लोंबकळू लागतो आणि वादक आपण पडणार की काय या विवंचनेत सम चुकतो.

आणि गावची यात्रा कमिटी त्याच्यापुढे काय करते, तर मंडपवाल्याची प्लास्टिकची खुर्ची. या खुर्चीच्या हातांवर कोपरे आपटतात. तिची बैठक मागे कललेली, म्हणजे ज्याने पुढे झुकून वाजवायचे त्याला ती अदबीने मागे ओढते. आणि ठेका जलद झाला की तिचे पाय फाकू लागतात. "बसा की मास्तर, आमदार येणार म्हणून आणलेल्या खुर्च्यांतली हाय," असे कोणी मोठ्या अगत्याने सांगतो. आमदारांना पाय वाजवावे लागत नाहीत, हे मास्तर बोलत नाहीत. ते नम्रपणे हात जोडतात आणि आपले गाठोडे सोडायला घेतात.

मास्तरांचे आसन विलायती नाही. त्याचे पाय कराडच्या एका फॅब्रिकेटरने शेतीच्या अवजारांतून सवड काढून जोडून दिले, आणि बैठक साताऱ्यास पोवई नाक्याच्या बाजूला मोटारसायकलींच्या सीटा शिवणाऱ्या एका कारागिराकडून भरून घेतली. त्यामुळे काळ्या रेक्झिनच्या कडेला, बुलेटच्या सीटला असतो तसा, पांढरा गोट आहे. मधला दांडा आट्यांचा, फिरवला की वरखाली होणारा. त्या दांड्यावर नेमक्या मापाच्या जागी तांबड्या रंगाची एक बारीक रेघ आहे. ती पत्नीच्या नखांच्या रंगाची असून, बाटली मागण्याचा धीर न झाल्यामुळे ती परस्पर ओढली गेली आहे. गावोगावच्या मंचांवर, कुठे फळ्या, कुठे ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या पाठीला पाठ लावून, कुठे नुसता शाळेचा ओटा, अशा नाना भूमींवर ते आसन मांडल्यावर मास्तर पहिल्याने त्या रेघेकडे पाहतात आणि मग श्रोत्यांकडे.

आता या वस्तूचे बारदान. कार्यक्रम संपतो, म्हणजे नियमाप्रमाणे रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद व्हायचा असतो आणि सरपंचांच्या मेहुण्याची फर्माईश आटोपल्यावर तो बंद होतो. बाकीची मंडळी रश्श्याच्या पातेल्याकडे धावतात. मास्तर मंचावरच राहतात. प्रथम ते आसन उलटे करून बैठकीच्या पाठीवर तळहाताने तीन-चार थापा मारतात, म्हणजे त्या गावची धूळ त्या गावातच राहते. मग पाकळ्यांचे दोन नट सुटतात. हे नट चंचीत, चुन्याच्या डबीशेजारच्या कप्प्यात जायचे, ही वहिवाट जुनी आहे. तिच्यामुळे नटांच्या आट्यांत चुना आणि चुन्यात लोखंडाचा गंज असा परस्परांत विनिमय होतो, पण वहिवाट मोडत नाही. एकदा अंधारात सुपारी समजून अडकित्त्यात धरला गेलेला एक नट अद्याप त्याच चंचीत आहे. त्याची एक पाकळी तुटली असून तो 'राखीव' या सदरात मोडतो. त्यानंतर दांडा उपसून त्याला खोबरेल तेलाचे बोट लावले जाते आणि त्याच्यावर वर्तमानपत्र गुंडाळले जाते. मग पायांच्या बुडाच्या रबरी टोप्यांची मोजदाद. टोप्या तीनच असल्या तरी ती दोनदा होते, कारण पूर्वी एकदा आटपाडीकडे खरसुंडीच्या यात्रेत त्यांतली एक गहाळ झाली आणि तिच्या जागी औषधाच्या दुकानातून म्हाताऱ्यांच्या काठीची टोपी आणून बसवावी लागली. ती किंचित उंच निघाल्याने तेव्हापासून उरलेल्या दोन पायांखाली सोड्याच्या बाटलीची बुचे ठेवावी लागतात, आणि ती बुचेही चंचीतच असतात. चंचीत पान खाण्याजोगे काय उरले आहे हा प्रश्न मी मास्तरांना विचारला नाही.

मिटलेल्या पायांना वडिलांच्या जुन्या धोतराचे दोन फेरे पडतात. बैठक निराळी, तिला माणदेशी घोंगडीचा तुकडा, दोहोंच्या मध्ये तासगावच्या द्राक्षपेट्यांतून जमवलेल्या कागदाचा कीस, सर्वांवर गोणपाट, त्यावर सुतळी, आडवी तीन आणि उभी दोन, आणि शेवटी एक गाठ, जी मास्तरांखेरीज कोणाला सुटत नाही आणि मास्तरांनाही फक्त उजेडात सुटते. याचा परिणाम असा, की दुसऱ्या दिवशी नव्या मुक्कामी सगळे ढोल, सगळ्या झांजा, सगळे स्टँड उभे राहून गायिकेचा गळाही तापून तयार होतो, तरी मास्तर मंचाच्या कोपऱ्यात उकिडवे बसून दाताने सुतळी ओढीत असतात, आणि निवेदक "काही तांत्रिक कारणास्तव" असे म्हणून श्रोत्यांना विनोद सांगू लागतो. त्या निवेदकाचे अर्धे विनोद या गाठीने पाठ करून घेतले आहेत.

अमेरिकेतल्या वादकांनी एके काळी यावर नामी तोड काढली होती. पत्र्याचे एक गोल पिंप असायचे. त्याचे गादीदार झाकण तेच आसन, आणि पोटात स्टँड, दांड्या, पायपट्टी असा किरकोळ माल. बसायची वस्तू आणि सामानाची पेटी एकच झाली, की ओझे एकाने कमी. ही युक्ती मी मास्तरांना मोठ्या उत्साहाने सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, थोडा विचार केला आणि विचारले, "आन् ते पिंप कुनाच्या हवाली करायचं?"

या बाबतीत त्यांना गुरुस्थानी असलेले गाव म्हणजे मिरज. शस्त्रांना पाणी देणारे शिकलगार शस्त्रांचा धंदा बसल्यावर तंतुवाद्यांकडे वळले, त्यांतल्या फरीदसाहेबांनी तंबोरे-सतारींची परंपरा उभी केली, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनाची सनद मिळाली, हा सगळा वृत्तांत मास्तरांना ठाऊक आहे. पण त्यांचे लक्ष वाद्याकडे नसून वाद्याच्या गवसणीकडे असते. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे मिरजेस येतात, वाळतात, कापले जातात, त्यांवर नक्षी चढते आणि एवढे झाल्यावर ती वस्तू एका धक्क्याने तडकू शकते. म्हणून तंबोरा बाळगणारा माणूस गर्दीत शिरला की त्याचे दोन्ही कोपर आपोआप बाहेर येतात. ख्वाजा शमना मीरांच्या उरुसात, जेथे १९३७ साली निवर्तलेले अब्दुल करीम खाँसाहेब दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत तेथे, मास्तर जमेल त्या वर्षी गाणे ऐकायला जातात आणि गाणे सुरू होण्यापूर्वीच तृप्त होतात; कारण तंबोरे कसे उतरवले, कसे टेकवले, गवसणी कोणी काढली आणि घडी घालून कोणाच्या मांडीखाली ठेवली, हे सर्व त्यांनी डोळे भरून पाहिलेले असते. एकदा त्यांनी तिथल्या एका कारागिराला आपल्याही जिनसेची गवसणी शिवून देण्याबद्दल गळ घातली. कारागिराने सरावाने विचारले, "किती तारांचं?" मास्तर म्हणाले, "बिनतारांचं." कारागिराने बराच वेळ विचार करून सांगितले, की बिनतारांच्या वाद्याला गवसणी शिवण्याचा आमच्या घराण्यात रिवाज नाही.

टेम्पो नसला म्हणजे मास्तरांना एस. टी. धरावी लागते, आणि तेथे या गाठोड्याची खरी कैफियत सुरू होते.

"लगेज लागंल," वाहक म्हणतो.

"लगेज न्हाई. ह्ये माझ्या मांडीवर राहणार."

"मग मांडीचं तिकीट काढा."

पण मांडी होण्यासाठी आधी बसायला जागा लागते, आणि जत्रेच्या दिवसांत ती नसते. म्हणून कराडपासून विट्यापर्यंत मास्तर एका हाताने वरची दांडी आणि दुसऱ्या हाताने आसन धरून उभ्याने प्रवास करतात. अशाच एका प्रवासात त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईने गाठोड्याला बोटाने टोचून पाहिले.

"काय रं लेकरा ह्यात?"

"स्टूल हाय, आजी."

"बसायचं?"

"व्हय."

"मग उभा का तू?" सबंध गाडी कान टवकारून ऐकू लागली होती. "आन् मला तरी का उभी ठिवलीस?"

मास्तरांनी तिला समजावून सांगितले, की हे आसन ज्याच्या त्याच्यासाठी नसते. दुसरा बसला की दांडा फिरतो, उंची हलते, रेघ चुकते आणि मग रात्री ठेका बसत नाही. म्हातारीने सगळे ऐकले आणि एकच पुरवणी प्रश्न विचारला: "बायकूला तरी बसू देतोस का रं त्याच्यावर?" मास्तर खिडकीतून बाहेरचा ऊस पाहू लागले. मग कोणीतरी उठून म्हातारीला जागा दिली, आणि ती बसल्यावर तिने हात पुढे करून म्हटले, "आण इकडं त्ये, धरते मांडीवर." पण मास्तरांनी तेही दिले नाही.

कोणी याला कोतेपणा म्हणेल. माझा कल मास्तरांना संशयाचा फायदा देण्याकडे आहे. ज्या साताऱ्यात १७०८ साली शाहू छत्रपतींनी राज्याभिषेक करून घेतला, आणि जिथली गादी १८४८ साली डलहौसीने दत्तक नामंजूर करून खालसा केली, तेथल्या माणसाने आपली बैठक दुसऱ्याच्या ताब्यात क्षणभरही देऊ नये, याला इतिहासाचा आधार आहे. शिवाय सांगलीस १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले आणि पुढे मंडळी घेऊन ते दौऱ्यावर निघाले, तेव्हापासून आपल्या कलावंताला कला आणि हमाली या दोन्ही विद्या आल्याशिवाय भागत नाही. फरक इतकाच, की त्या काळी राक्षसाचे मुखवटे बैलगाडीत कोणाच्या मांडीवर असत याची नोंद कोणी ठेवली नाही.

एकदा मात्र नाइलाज झाला. सांगलीचा कार्यक्रम आटोपला, टेम्पो रुसला, आणि मार्केट यार्डातून हळद उतरवून रिकाम्या पोत्यांनिशी परत निघालेल्या एका मालमोटारीत सगळ्यांना शिरावे लागले. केबिनमध्ये गायिकांना बसवल्यावर मास्तर मागे पोत्यांवर बसले, अर्थात गाठोडे मांडीवर घेऊन. ज्या गावच्या बाजारात देशोदेशीची हळद येते आणि ज्याच्या शेजारच्या हरिपुरास ती जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षे साठवीत, तेथल्या हळदीला गोणपाट, घोंगडी आणि धोतर हे तीन पदर म्हणजे काहीच नव्हते. ती रेक्झिनच्या टाक्यांत जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम नेमका लग्नाआधीच्या हळदीचा. मास्तर वाजवून उठले आणि पाठमोरे झाले, तेव्हा मांडवातल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. "मास्तरांनाबी लावली वाटतं कुनी!" त्या आठवड्यात मास्तरांनी पांढरी विजार घालणे सोडले ते कायमचे.

परंतु मास्तरांच्या चरित्रातील खरा पराभव दोन नागठाण्यांच्या मध्ये कुठेतरी झाला. एक नागठाणे सातारा तालुक्यात, पुणे-बेंगळुरू महामार्गावर. दुसरे सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठी, बालगंधर्वांचे जन्मगाव म्हणून प्रसिद्ध असलेले. मध्ये कराड तालुका आडवा पसरलेला. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले; त्या वेळी माणसांची दप्तरे, कचेऱ्या आणि शिपाई सगळे वाटून झाले, पण एकाच नावाची दोन गावे कोणी कोणत्या नावाने ओळखावी हा प्रश्न तसाच राहून गेला. मास्तर मिरजेला भाचीच्या साखरपुड्यास गेले होते, गाठोड्यासह. कारण साखरपुड्याच्या दिवशी सुपारी आली होती आणि घरात स्टूल एकटे ठेवून जाणे त्यांना पसंत नव्हते. फोनवर निरोप आला, "मास्तर, परस्पर नागठाण्याला या. टेम्पो तिकडंच येतोय." मास्तर सांगलीच्या स्टँडवर गेले, "नागठाणे" म्हणून तिकीट काढले, आणि दिवेलागणीला कृष्णाकाठच्या नागठाण्यात उतरले. गावात मंच नव्हता, मांडव नव्हता, यात्राही नव्हती. पारावरच्या मंडळींनी त्यांच्या हातातले गाठोडे पाहून हे धान्याचे माप तपासायला आलेले सरकारी अधिकारी असावेत असा तर्क बांधला आणि चहा मागवला.

इकडे महामार्गावरच्या नागठाण्यात सगळे ढोल मांडून तयार, आणि त्यांच्यामागे एक चौरस रिकामी जागा. फोनवर जे संभाषण झाले ते येथे देणे प्रशस्त होणार नाही. शेवटी हमाली करणाऱ्या पोरालाच बसवले, आणि बसवले कशावर, तर आमदारांच्या खुर्चीवर. पोरगे मन लावून वाजवीत होते. कोपरे आपटत होती, खुर्ची फाकत होती, आणि श्रोत्यांपैकी एकाच्याही लक्षात काही आले नाही. उलट कमिटीने खूश होऊन त्याला नारळ दिला. ही गोष्ट पुष्कळ दिवस मास्तरांपासून लपवून ठेवण्यात आली होती. पोराने ती स्वतःच सांगितली.

मास्तरांना त्या रात्री परतीची गाडी नव्हती. पारावरच्या मंडळींनी मुक्कामाचा आग्रह केला, पण अपमान पचवायला एकांत लागतो. ते थांब्यावर येऊन उभे राहिले, बराच वेळ उभेच राहिले, आणि मध्यरात्रीनंतर केव्हातरी त्यांनी रस्त्याच्या दिव्याखाली गाठ सोडली, पाय उलगडले, नट बसवले, बुचे ठेवली, रेघ पाहिली आणि पहाटेच्या गाडीपर्यंत त्या आसनावर बसून घेतले. मंचाबाहेर त्या वस्तूचा बसण्याकडे उपयोग झाल्याचा हा एकच दाखला. "कसं वाटलं?" असे मी विचारले. "चांगलं हाय की बसायला," मास्तर काहीशा आश्चर्याने म्हणाले.

आता ते पोरगे मोठे झाले आहे. त्याने ऑक्टोपॅड घेतले; जपान्यांनी चाळीसेक वर्षांपूर्वी काढलेली ती आठ चौकोनांची पेटी एका उभ्या स्टँडवर बसते, पाठीवरच्या पिशवीत मावते आणि उभ्या उभ्या वाजवता येते, म्हणून टेम्पोवाला तिच्यावर खूश आणि ऑर्केस्ट्राचा मालक त्याहून खूश. मास्तरांनाही कोणीतरी सुचवले. त्यांनी ऑक्टोपॅड नाकारले नाही. हप्त्यांवर घेतले, शिकले, चांगले वाजवतातही. फक्त त्याच्यामागे आपले आसन मांडून, त्यावर बसून.

गेल्या दिवाळीत पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने त्यांना नवे कोरे स्टूल आणून दिले. बैठक जाड, पाय दुहेरी पट्ट्यांचे, टोप्या तिन्ही एका मापाच्या. आणि सोबत त्याची खास बॅग, आतून मऊ अस्तराची, साखळीने बंद होणारी, खांद्यावर घ्यायला पट्टा, नट ठेवायला निराळा कप्पा. मास्तरांनी पहिल्याने दांड्यावर तांबडी रेघ ओढली. मग ती साखळी लावली, उघडली, पुन्हा लावली. बॅग खांद्याला अडकवून ओसरीवर दोन येरझारा घातल्या. घरच्यांनी असे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर लग्नातही पाहिले नव्हते म्हणतात.

माघात बावधनकडे सुपारी होती. टेम्पो दारात आला, ढोल चढले, ट्रंका चढल्या, आणि मास्तर बाहेर आले ते काखेत नवे स्टूल घेऊन; वर धोतर, घोंगडी, गोणपाट, सुतळी आडवी तीन आणि उभी दोन.

पोरगे चकित होऊन म्हणाले, "मास्तर, आन् ती नवी बॅग?"

"कपाटात ठिवलीया," मास्तर टेम्पोत चढता चढता म्हणाले. "परवासात खराब झाली म्हंजे?"